सात मिनिटांच्या चित्रांची जन्मनोंद

आमचे वडील मुंबईच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. त्या काळच्या लोकांना हा शब्द समजावून सांगावा लागत नसे. आमच्या नातवंडांना सांगावा लागतो. बाल्कनीच्या मागे जी उकाड्याची कोंदट खोली असते तिथे दोन यंत्रांच्या मध्ये उभे राहून, कार्बनच्या कांड्यांचा उजेड सांभाळीत, एक रीळ संपायच्या आत दुसरे चालू करणारा तो ऑपरेटर. वडिलांनी १९५१ पासून एक वही ठेवली होती. इस्राएलला येताना आईने तांब्यापितळेची पुष्कळ भांडी शेजाऱ्यांना वाटून टाकली, पण ही लाल कापडी बांधणीची वही मात्र आपल्या साड्यांत गुंडाळून आणली.

वहीत प्रत्येक आठवड्याच्या चित्रपटाचे नाव आहे, किती रिळे होती ते आहे, फिल्म कुठे तुटली आणि कुठे जोडली तेही आहे. पण मुख्य चित्राच्या आधी जे दाखवीत त्याची नोंद सगळीकडे एकाच साच्याची: "न्यूज १ रीळ. कार्टून १ रीळ." बस्स. कार्टूनला नाव नाही. क्वचित कुठे मूड लागला असेल तेव्हा एखाददुसरा शब्द जास्त: "मांजर-उंदीर, पियानो." किंवा "ससा आणि न्हावी. लोक उठेनात."

आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ इस्पितळाच्या वॉर्डांत काढली. ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही ती बाटली कपाटात ठेवायची नाही, आणि ज्या बाळाच्या मनगटाला पट्टी नाही ते बाळ आईजवळून हलवायचे नाही, हे आमच्या हाडांत मुरलेले. सेवानिवृत्त झाल्यावर ती वही उघडून बसलो आणि त्या बिननावाच्या नोंदी आम्हांला वॉर्डातल्या बिनपट्टीच्या बाळांसारख्या दिसू लागल्या. कोणते कार्टून? कोणत्या साली केलेले? कोणी केलेले? म्हणून या विषयावरची पुस्तके मिळवून वाचू लागलो. तेव्हा कळले की आमच्या वडिलांनी जे केले तेच साऱ्या जगाने केले होते, आणि ती चूक निस्तरण्यात कित्येक माणसांची आयुष्ये गेली आहेत. त्या कामाचा हा थोडासा इतिहास वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम हिशेब. बोलपटाची फिल्म सेकंदाला २४ चित्रे या वेगाने धावते. सात मिनिटांच्या कार्टूनमध्ये १०,०८० चित्रे झाली, आणि फिल्मची लांबी भरली ६३० फूट. काम वाचविण्यासाठी एकेक चित्र दोनदा टिपले तरी पाच हजारांवर वेळा मांडणी बदलावी लागते. आणि पडद्यावर मांजर व उंदीर दोघेही हलत असतील तर प्रत्येकाचे चित्र निराळे. अमेरिकेत अर्ल हर्ड याने १९१४ साली पारदर्शक सेल्युलॉइडच्या पानांवर पात्रे काढण्याची युक्ती पेटंट करण्यासाठी दाखल केली, तेव्हा मागचा देखावा पुनःपुन्हा काढण्याचा जाच संपला. तरी एका कार्टूनमागे डझनावारी माणसांचे महिनोन् महिने जात.

एवढे कष्ट, आणि किंमत काय? भाजीवाली पिशवीत वरून कोथिंबिरीची काडी टाकते ना, तशी. थिएटरवाला मुख्य चित्र विकत घेई, कार्टून सोबत येई. कोथिंबिरीची पावती कोण मागतो? वर्तमानपत्रे मुख्य चित्रावर लिहीत, कार्टूनवर लिहीत नसत. कंपन्यांनीही आपल्या जुन्या कागदांची कदर केली नाही. म्हणून पुढे ज्यांना यादी करायची होती त्यांना दोनच खात्रीचे आधार उरले: वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधली कॉपीराइटची नोंदणी, आणि थिएटरवाल्यांसाठी निघणाऱ्या धंद्याच्या पत्रांतील तारखा. हे दोन आधार एकमेकांशी जुळतातच असे नाही.

आता जन्मतारखेचा घोळ पाहा. पहिले कार्टून कोणते, यावरच एकमत नाही. अमेरिकेत जे. स्टुअर्ट ब्लॅकटन याने १९०६ साली फळ्यावर खडूने काढलेली तोंडे हलवून दाखविली. पॅरिसमध्ये एमिल कोल याने १९०८ च्या ऑगस्टमध्ये 'फँटास्मागोरी' दाखविले. त्यात सुमारे सातशे चित्रे होती. विन्सर मॅके याने १९११ साली आपल्या 'लिट्ल नीमो'साठी चार हजार चित्रे काढली आणि १९१४ साली गर्टी नावाची डायनोसॉर रंगमंचावर आणून तिच्याशी बोलण्याचा खेळ केला. आमच्या मते कोलला मान द्यावा, कारण त्याच्या फिल्ममध्ये सगळा खेळ रेषेचाच आहे. पण ब्लॅकटनची बाजू घेणारेही आहेत आणि त्यांना वेडे म्हणता येत नाही.

मिकी माऊसची गोष्ट याहून मजेची. त्याचा वाढदिवस १८ नोव्हेंबर १९२८ धरतात, कारण त्या दिवशी न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरमध्ये 'स्टीमबोट विली' लागले. परंतु त्याच्या आधी अब आयवर्क्सच्या हाताने काढलेले 'प्लेन क्रेझी' तयार होते, आणि १९२८ च्या मे महिन्यात ते थोड्या लोकांना दाखविलेही होते. ते मूक होते, कोणी विकत घेतले नाही. आवाज घालून १९२९ मध्ये बाहेर आले. म्हणजे जो आधी जन्मला तो कागदोपत्री धाकटा ठरला! प्रसूतिकक्षात जुळ्यांच्या वेळी कोण आधी आला याची घड्याळ पाहून नोंद करण्यासाठी आम्ही किती दक्ष असायचो ते आठवले. चांगली यादी करणारे आता एका कार्टूनसाठी एक नव्हे, चार तारखा लिहितात: काम पुरे झाल्याची, कॉपीराइटची, पहिल्या खेळाची आणि सर्वत्र वितरणाची.

या तारखांवरून भांडणेही झालेली आहेत. १९४६ च्या नोव्हेंबरात वॉर्नर ब्रदर्सने 'रॅप्सडी रॅबिट' काढले. त्यात बग्ज बनी हा ससा पियानोवर लिस्टची दुसरी हंगेरियन रॅप्सडी वाजवतो आणि पियानोतला उंदीर त्याला छळतो. एम.जी.एम.ने काढलेल्या 'कॅट कन्सर्टो'त टॉम हे मांजर तीच रॅप्सडी वाजवते आणि पियानोत झोपलेला जेरी उंदीर त्याला छळतो. 'कॅट कन्सर्टो'चे वितरण १९४७ च्या एप्रिलमधले, परंतु १९४६ सालासाठीचा ऑस्कर त्याला मार्चमध्येच मिळून गेला होता. कोणी कोणाचे उचलले? दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांकडे बोट दाखविले. वितरणाची तारीख पाहिली तर ससा आधीचा. पण वितरणाच्या तारखेवरून काम कधी सुरू झाले ते कळत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

यापुढचा प्रकार आम्हांला जास्त लागला. १९४३ पासून वॉर्नरने आपली जुनी रंगीत कार्टूने 'ब्लू रिबन' या नावाने पुन्हा थिएटरांत पाठवायला सुरुवात केली. पुन्हा पाठविताना सुरुवातीचे मूळ शीर्षक कापून नवीन सजविलेले लावले, आणि त्या नव्या शीर्षकात दिग्दर्शक, चित्रकार, संगीतकार यांची नावे घातली नाहीत. वाईट म्हणजे हे कापणे मूळ निगेटिव्हवरच झाले. म्हणून पुष्कळ चित्रांची मूळ नावे कुठल्यातरी संग्राहकाकडच्या जुन्या प्रतीत सापडली तर सापडली. टेक्स एव्हरीचे 'अ वाइल्ड हेअर' हे जुलै १९४० मधले. बग्ज बनीचे खरे पहिले चित्र म्हणून बहुतेक जाणकार हेच मानतात, जरी त्याच्यासारखा एक ससा १९३८ च्या 'पॉर्कीज हेअर हंट'मध्ये उड्या मारून गेला होता. ब्लू रिबन होताना याच चित्राचे नाव 'द वाइल्ड हेअर' झाले. आणखी एक बदल असा: मूळ चित्रात ससा शिकाऱ्याचे डोळे मागून झाकतो आणि ओळख म्हणतो, तेव्हा शिकारी कॅरोल लोम्बार्ड या नटीचे नाव घेतो. लोम्बार्ड १९४२ च्या जानेवारीत विमान अपघातात गेली. मग पुन्हा पाठविलेल्या प्रतीत तिच्या जागी बार्बरा स्टॅनविकचे नाव बोलून भरले. एवढ्या एका शब्दावरून आज हातातली प्रत पहिली की दुसरी ते ओळखता येते. आम्ही डॉक्टर नाही, पण याला निदान म्हणावे असे आम्हांला वाटते.

टेलिव्हिजन आल्यावर तर कापाकापीला ऊत आला. पॅरामाऊंट कंपनीने आपली जुनी कार्टूने १९५५-५६ च्या सुमारास टेलिव्हिजनसाठी विकली, पण आपले नाव व पर्वताचे चिन्ह त्यावर दिसू नये अशी अट घातली. घेणाऱ्यांनी सगळ्या शीर्षकांवर आपल्या पाट्या चिकटविल्या. पॉपाय खलाशाची २३१ कार्टूने थिएटरसाठी झाली. त्यातली १०९ मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या भावांच्या स्टुडिओतली, बाकीची १२२ त्यांच्या हातून स्टुडिओ गेल्यानंतरची. त्या सगळ्यांना तीच पाटी. मॅक्स फ्लायशर हा क्राकोव्हमधल्या ज्यू कुटुंबातला, लहानपणीच अमेरिकेला आलेला. माणसाच्या हालचालीची फिल्म घेऊन तिच्यावरून चित्रे गिरवून काढण्याचे यंत्र त्याचे. पेटंट १९१७ साली मिळाले. १९४२ पर्यंत त्याचा स्टुडिओ पॅरामाऊंटच्या घशात गेला, आणि पुढे चौदा वर्षांत त्याच्या पडद्यावरच्या पाट्याही गेल्या. २००७ साली पॉपायच्या जुन्या चित्रांच्या चांगल्या प्रती डीव्हीडीवर निघाल्या तेव्हा मूळ शीर्षके शोधून परत बसविली. पॉपायचे अगदी पहिले कार्टून, जुलै १९३३ चे, हे कागदोपत्री बेटी बूपच्या मालिकेतले आहे, हेही तेव्हा नव्या पिढीने पडद्यावर वाचले.

मधल्या काळात काळ्यापांढऱ्या चित्रांना रंग देण्याचे खूळ निघाले. एकेक चित्र कोरियातल्या कामगारांकडून गिरवून, रंगवून, नवी प्रत केली. खर्च वाचावा म्हणून मधली चित्रे गाळली. अशा प्रतीला मूळ चित्र म्हणावे काय? आमचे स्पष्ट मत, म्हणू नये. यादीत तिला वेगळा आकडा द्यावा.

आता नावांविषयी. फेलिक्स नावाचे काळे मांजर १९१९ साली 'फेलाइन फॉलीज'मध्ये प्रथम आले. तेव्हा त्याचे नाव मास्टर टॉम होते. पडद्यावर नाव येई ते स्टुडिओच्या मालकाचे, पॅट सलिव्हन यांचे. सलिव्हन १९३३ साली वारले. ज्याने टेबलाशी बसून वर्षानुवर्षे फेलिक्स काढला तो ऑटो मेसमर गप्प बसला. पुढे कित्येक वर्षांनी जॉन केनमेकर आदी अभ्यासकांनी त्याला बोलते केले, तेव्हा तो म्हातारा झाला होता. १९८३ साली तो गेला. सलिव्हन यांच्या ऑस्ट्रेलियात मात्र काही लोक अजून हे मानीत नाहीत. टॉम अँड जेरीचे पहिले चित्र 'पुस गेट्स द बूट', फेब्रुवारी १९४०. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी ते केले, पण पडद्यावर नाव फक्त रुडॉल्फ आयझिंगचे. त्यात मांजराचे नावही टॉम नसून जॅस्पर आहे. म्हणजे ज्यांची ती मुले त्यांची नावे नाहीत, आणि मुलाचेही नाव निराळे!

हॅना-बार्बेरांची १९५८ पर्यंत ११४ चित्रे झाली आणि त्यांना सात ऑस्कर मिळाले. त्यानंतर १९६१-६२ मध्ये १३ टॉम अँड जेरी चेकोस्लोव्हाकियात प्राग येथे जीन डाइच यांनी केली, आणि १९६३ पासून ६७ पर्यंत ३४ चक जोन्स यांनी. एकूण १६१. प्रागची ती तेरा बहुतेकांना आवडत नाहीत. आम्हांलाही विशेष नाही. पण त्यांच्या पाटीवर नीट नजर टाकावी. शीतयुद्धाचे दिवस, तेथल्या चेक कलाकारांची नावे इंग्रजी वळणाची करून छापली. व्हात्स्लाव्ह लीडल हा संगीतकार 'व्हिक्टर लिट्ल' झाला. हे वाचताना आम्हांला हसू आले आणि थोडे दुखलेही. आम्ही या देशात उतरलो तेव्हा एका कचेरीतल्या बाईंना आमच्या आडनावातला 'ळ' हिब्रूत कुठे ठेवावा ते सुचेना, म्हणून त्यांनी तो गाळूनच टाकला. आज आमचे दोन सख्खे भाऊ दोन तऱ्हांनी आडनाव लिहितात. उद्या कोणी आमची यादी करू म्हणेल तर त्याने काय करावे?

आणि बायका? स्टुडिओत पुरुषांनी पेन्सिलीने काढलेली चित्रे सेल्युलॉइडवर शाईने गिरवायची आणि मागून रंग भरायचा, हे काम बहुतेक ठिकाणी मुलींचे. हात जराही हलता कामा नये, सुती हातमोजे घालायचे, दिवस दिवस मान खाली. त्यांची नावे पडद्यावर कधीच आली नाहीत. फ्लायशरच्या स्टुडिओत १९३७ साली संप झाला तो पाचेक महिने चालला, तेव्हा रस्त्यावर उभे राहणाऱ्यांत या मुलीही होत्या. त्याच स्टुडिओत लिलियन फ्रीडमन या ज्यू मुलीला १९३३ साली ॲनिमेटर म्हणून बढती मिळाली. पुरुषांच्या मानाने पगार बराच कमी, आणि केलेल्या कामापैकी मोजक्याच चित्रांवर तिचे नाव. १९३९ साली तिने काम सोडले.

परंतु सगळ्यांत मोठी चपराक पुढची. जुन्या काळच्या ॲनिमेशनच्या धुरीणांचे एक एकत्रित चित्र आहे. मॅके, मेसमर वगैरे सगळे पुरुष. एका कोपऱ्यात एक बाई. मिंडी जॉन्सन या अभ्यासक बाईंनी विचारले, ही कोण? ज्यांच्याजवळ ते चित्र होते त्या अभ्यासकांनी अंदाज केला की सफाईवाली किंवा फार तर सेक्रेटरी असेल. जॉन्सनबाई गप्प बसल्या नाहीत. शोधता शोधता निघाले की ती बेसी मे केली, स्वतः चित्रे काढून कार्टूने करणारी. तिची १९२१ व १९२२ सालची दोन छोटी चित्रे सापडली आणि २०२२ च्या डिसेंबरात लॉस एंजलिसच्या अकादमी म्युझियममध्ये दाखविली गेली. शंभर वर्षांनी! आमच्या इस्पितळाच्या वर्धापनदिनाच्या एका जुन्या फोटोखाली सगळ्या डॉक्टरांची नावे डावीकडून उजवीकडे छापलेली आहेत आणि शेवटी "व दोन परिचारिका". त्यातली एक कोण, हे आम्हांला चांगले माहीत आहे, कारण ती आम्हीच.

असो. हरवलेल्या चित्रांकडे वळू. १९५० च्या आसपासपर्यंत चित्रपटाची फिल्म नायट्रेटची असे. ती पेटली की विझत नाही, पाण्याखालीही जळते, आणि न पेटली तरी काळाने चिकट होते, मग भुकटी होते. एक्स-रेच्या फिल्मही पूर्वी याच जातीच्या होत्या. १९२९ च्या मे महिन्यात अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये अशा साठविलेल्या एक्स-रे फिल्मना आग लागून १२३ माणसे गेली. बरीचशी जळून नव्हे, विषारी धुराने. आमचे वडील यंत्रघरात विडी ओढू देत नसत, आणि मालकाचा मुलगा आला तरी त्याला बाहेर काढीत, त्याचे कारण हे.

अशा फिल्मचे जे वाचले ते पुष्कळदा चुकीच्या नावाखाली वाचले. मिकीच्या आधी डिस्नेने ओस्वाल्ड नावाचा ससा केला होता. १९२७-२८ मधली ती २६ चित्रे. त्याचे हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे गेल्यामुळेच मिकीचा जन्म झाला. (हे हक्क डिस्नेला २००६ साली परत मिळाले ते एका क्रीडा-समालोचकाच्या बदल्यात! माणूस देऊन ससा घेतला.) त्या २६ तली बरीच हरवली. २०१४ मध्ये नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नायट्रेटच्या साठ्याची मोजदाद चालू असता 'एम्प्टी सॉक्स' हे १९२७ चे चित्र दोन रिळांत मिळाले. त्यावर नीट चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या वर्षी 'स्ले बेल्स' लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहात सापडले. आणि २०१८ साली कळले की 'नेक अँड नेक'चा काही भाग जपानमधील एका वृद्ध गृहस्थांच्या घरी आहे. शाळेत असताना त्यांनी ओसाकाच्या बाजारातून ती ५०० येनना घेतली होती, मिकीचे कार्टून समजून, कारण वर मिकीचेच नाव होते. सत्तर वर्षे ती डबी घरात, आणि जगाच्या यादीत मात्र 'हरवले' असा शेरा.

या याद्या केल्या कोणी? सरकारने नाही, कंपन्यांनी नाही, आधी शौकिनांनी. अमेरिकेत मायकेल बॅरियर यांनी १९६६ साली 'फनीवर्ल्ड' हे छोटेसे पत्र सुरू केले, आणि थकलेल्या कलाकारांच्या घरी जाऊन मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. त्यातून १९९९ साली त्यांचा मोठा इतिहास निघाला. लेनर्ड मॉल्टिन यांच्या १९८० च्या पुस्तकाच्या शेवटी स्टुडिओवार याद्या होत्या, त्यात जेरी बेक यांचे साहाय्य होते. बेक आणि विल फ्रीडवाल्ड यांनी वॉर्नरच्या सुमारे हजार कार्टूनांची एकेक करून यादी छापली, प्रथम १९८१ मध्ये आणि वाढवून १९८९ मध्ये. १९९४ साली बेक यांनी हजारभर ॲनिमेशनवाल्यांची मते घेऊन पन्नास उत्तम कार्टूने निवडली. पहिला नंबर चक जोन्सच्या 'व्हॉट्स ऑपेरा, डॉक?' (१९५७) ला. आम्हांला हे नंबर लावणे फारसे पटत नाही. वॉर्डात पेशंटला नंबर असतो तो खाटेचा, त्याच्या गुणांचा नसतो.

एक अवघड गोष्ट टाळता येणार नाही. या जुन्या कार्टूनांत काळ्या लोकांची, जपान्यांची, इतरांचीही टिंगल आहे, आणि काही ठिकाणी ती फार ओंगळ आहे. वॉर्नरची अकरा चित्रे १९६८ साली त्यावेळच्या मालकांनी टेलिव्हिजनवरून कायमची काढून घेतली. टॉमला झाडू घेऊन हाकणारी जाड बाई, जिचे पायच दिसतात, तिचा आवाज लिलियन रँडॉल्फ या काळ्या नटीचा. तिचे नाव पडद्यावर नाही. १९६० नंतर टेलिव्हिजनसाठी तिला खोडून जागी एक गोरी बाई काढली आणि आवाज दुसरीचा घातला. टिंगल नको म्हणून काम करणारीलाच पुसून टाकले! मुलांना काय दाखवावे हा आईबापांचा प्रश्न. परंतु नोंदवहीतले पान फाडणे हा उपाय नव्हे. इस्पितळातले वाईट दिवसही रजिस्टरात असतात.

आपल्या मुलुखाची नोंद तर आणखी तुटपुंजी. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केले, काड्यांना एकेक चित्र टिपून नाचविले. आज ते उपलब्ध नाही. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ साली 'जंबूकाका' काढले. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि १९५७ साली जातककथेवरचे 'बनियन डियर' तयार झाले. त्या वेळी फिल्म्स डिव्हिजनचे प्रमुख निर्माते होते एझ्रा मीर, कलकत्त्याचे बगदादी ज्यू. आमच्या वडिलांना या योगायोगाचा अभिमान होता, सरकारी माहितीपट लागला की ते यंत्रघरातून म्हणत, "आपल्या मीरसाहेबांचं आलं."

आता पुन्हा वही. मोठ्या माणसांनी केलेल्या याद्या समोर ठेवून आम्ही एकेक नोंद लावू लागलो. "ससा आणि न्हावी" सोपे: 'रॅबिट ऑफ सेव्हिल', डिसेंबर १९५०. "मांजर-उंदीर, पियानो" यावर मात्र अडलो, कारण टॉम आणि पियानो अशी दोन चित्रे आहेत: एक वर सांगितलेले 'कॅट कन्सर्टो', दुसरे व्हिएन्नातले 'जोहान माऊस', ज्यात मांजर वाजवते आणि उंदीर वॉल्ट्झ नाचतो. दोघांनाही ऑस्कर. नातू म्हणाला, "आजी, नाणं उडव." नाणे कशाला उडवायचे? वहीतली तारीख १९५२ च्या ऑगस्टची आहे, आणि 'जोहान माऊस' अमेरिकेतच मार्च १९५३ मध्ये बाहेर आले. म्हणजे 'कॅट कन्सर्टो'. शाईने नाव लिहिले, पुढे साल लिहिले, आणि त्या दिवशी आम्हांला झोप फार चांगली लागली.

अशा सतरा नोंदी लागल्या. ज्यांच्यापुढे नुसते "कार्टून १ रीळ" आहे त्या लागणार नाहीत हे आम्ही मान्य केले आहे. पण एक अशी आहे की तिला सोडवत नाही. १९६२ चा जुलै, शनिवार रात्रीचा खेळ. वडिलांच्या अक्षरात: "कार्टून १ रीळ. बदक. पाऊस. मुलगी फार हसली." मुलगी म्हणजे आम्हीच असणार, चार वर्षांच्या होतो आणि आई आजारी असली की ते आम्हांला यंत्रघराबाहेरच्या स्टुलावर बसवून ठेवीत. बदक डोनाल्ड की डॅफी ते लिहिलेले नाही. आणि पाऊस कार्टूनमध्ये होता की बाहेर मुंबईत, हेही कळत नाही. आमच्या वयाच्या कोणा वाचकाने त्या महिन्यात भायखळा-माझगावकडच्या एखाद्या टॉकीजमध्ये पावसातल्या बदकाचे कार्टून पाहिल्याचे आठवत असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कृपया दोन ओळी टाकाव्यात. मुख्य चित्र कोणते होते तेही लिहावे, म्हणजे वहीशी ताडून पाहता येईल.